मुलांस दास्यमोचनाची कथा सांगावी काय?

लहान मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा भाषेची, चित्रांची, किमतीची आणि फार झाले तर संस्कारांची असते. परंतु ज्या कथेत एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याच्या मालकीचा असतो आणि एके रात्री ती मालकी झुगारून तो निघून जातो, अशी कथा मुलांस सांगावी की न सांगावी, हा प्रश्न निघताच ती चर्चा एकाएकी धर्माच्या प्रांतात शिरते. वडिलांची आज्ञा, धन्याशी इमान आणि वाट्यास आलेल्या स्थितीत समाधान, हे तीन गुण आपण घराघरांतून सद्गुण म्हणूनच शिकवीत आलो आहोत. दास्यातून पळणारा मनुष्य तर या तिहींस एकाच पावलात ओलांडून जातो. मग त्याला धर्मच्युत म्हणावे की धर्मनिष्ठ? ज्या ईश्वराची प्रार्थना आपण मुलांकडून दिवेलागणीला म्हणवून घेतो, तो ईश्वर त्या रात्री कोणाच्या बाजूस उभा असतो, मालकाच्या की पळणाऱ्याच्या? मूल हा प्रश्न विचारल्याखेरीज राहत नाही, आणि त्याला उत्तर देताना आपल्या धर्मकल्पनेची जी परीक्षा होते, ती कोणत्याही पंडितसभेत होणार नाही.

माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. ही कथा सांगावी, लवकर सांगावी, पद्यात सांगावी आणि चित्रांसह सांगावी. मात्र ती पळून जाण्याच्या क्षणावर संपवू नये. पळालेला मनुष्य पुढे काय करतो आणि ज्याने त्याला बांधले होते त्याचे काय होते, या दोन गोष्टी सांगितल्यावाचून ती कथा धर्मकथा होत नाही, केवळ साहसकथा राहते.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हा विषय मुळी आपला नव्हे. माणसांनी भरलेली जहाजे, कापसाचे मळे, लिलावाचे चौथरे हे पाप अमेरिकेचे, त्याचे ओझे आपल्या मुलांच्या डोक्यावर कशासाठी? कोल्हापुरात राहणाऱ्याने तरी हा आक्षेप घेऊ नये. करवीर संस्थानात महार वतन या नावाने जी वहिवाट चालत होती, तिच्यात जमिनीचा एक लहानसा तुकडा कुटुंबाच्या नावे असे आणि त्या तुकड्याच्या मोबदल्यात ते सबंध कुटुंब रात्रंदिवस सरकारी व गावकीच्या कामगिरीस बांधलेले असे. सांगावे पोचविणे, सारा भरावयास जाणाऱ्याबरोबर चालणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण-पाणी करणे, लाकडे फोडणे, मेलेली जनावरे ओढणे, यांपैकी कशासही नकार देण्याची मुभा नव्हती. जमीन पिढ्यांगणिक वाटली जाऊन तिच्यातले अन्न घटत गेले, पण वेठ मात्र माणसागणिक वाढतच गेली, हे या व्यवस्थेचे खरे गणित होते. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये ही वतने मोडून त्या जमिनी रयतावा करून दिल्या. त्याच वर्षी ज्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते त्यांची रोजची हजेरी बंद केली. आणि त्याच सुमारास वेठबिगारीसही हुकमाने मनाई केली. त्यापूर्वी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले होते, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत बसविण्याचे फर्मान निघाले. ज्या नगराच्या दप्तरात हे हुकूम आहेत, त्या नगरातील मुलांस दास्याची कथा परकी कशी म्हणावी?

आणि ती केवळ दप्तरातच आहे असेही नाही. गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ते महाराजांच्या पागेत चाकरीस होते. वरिष्ठ जातींसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्यास त्यांचा स्पर्श झाला म्हणून त्यांना निर्दयपणे मारण्यात आले. महाराज परगावाहून परतल्यावर गंगारामांनी आपल्या पाठीवरचे वळ त्यांना दाखविले. महाराजांनी अपराध्यांस शासन केले. परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. गंगारामांना त्यांनी चाकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचे चहाचे दुकान उघडले आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली, तेव्हा छत्रपतींची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. महाराज तेथे चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही तोच चहा पिणे भाग पडे. या गोष्टीतील तीन चित्रे मुलाला कोणत्याही स्पष्टीकरणावाचून कळतात: पाण्याने भरलेला हौद, वळ उठलेली पाठ आणि राजाच्या हातातला चहाचा पेला. पहिल्या चित्रातील पाणी ज्याला नाकारले, त्याच्याच हातचे पाणी तिसऱ्या चित्रात राजा मागून घेतो. सामाजिक समतेवरील एखादे भाषण ऐकून मुलाला जे कळण्यास दहा वर्षे लागतील, ते या तीन चित्रांच्या अनुक्रमातून त्याला दहा पळांत कळते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो धार्मिक मनुष्याचा आहे. तो म्हणतो की, आपल्या परंपरेने बंधन आणि मोक्ष यांचा विचार जितका केला तितका क्वचितच कोणी केला असेल. परंतु तो विचार आत्म्याचा आहे, अंगावरच्या दोरखंडाचा नाही. बाहेरचे बंध हे पूर्वकर्माचे फळ समजून सोसावेत आणि आतला बंध तोडावा, हेच आपले शास्त्र. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी परक्या ग्रंथाकडे धाव घेण्याचे कारण नाही. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाचे आख्यान आहे, आणि ते एका विकलेल्या मुलाचे आख्यान आहे.

हरिश्चंद्र राजाला पुत्र नव्हता. वरुणाने पुत्र दिला तो याच अटीवर की, तो पुत्र पुढे त्यालाच बळी द्यावा. तो पुत्र रोहित वाढला, त्याला हा करार कळला आणि तो धनुष्य उचलून अरण्यात निघून गेला. इकडे वचनभंगामुळे हरिश्चंद्राला जलोदर झाला. वर्षानुवर्षे भटकणाऱ्या रोहिताला अरण्यात अजीगर्त नावाचा उपाशी ऋषी भेटला. त्याला तीन मुलगे होते. शंभर गाईंच्या मोबदल्यात एक मुलगा दे, असे रोहिताने म्हणताच बापाने थोरल्याला जवळ ओढले, आईने धाकट्याला, आणि मधला शुनःशेप विकला गेला. यज्ञाच्या दिवशी त्याला यूपाला बांधण्यास कोणी पुढे होईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच त्याला बांधले. मारण्यास कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापच शस्त्र परजीत पुढे आला. त्या क्षणी त्या मुलाला उमगले की, आपल्याला पशूप्रमाणे मारणार आहेत; आणि त्याने देवतांना हाका मारण्यास आरंभ केला. एका देवतेने दुसरीकडे पाठवावे, दुसरीने तिसरीकडे, असे होता होता तो उषेची स्तुती करू लागला. एकेका ऋचेबरोबर त्याचा एकेक पाश सैल होत गेला, आणि एकेका ऋचेबरोबर राजाचे फुगलेले उदरही उतरत गेले. शेवटची ऋचा संपली तेव्हा मुलगा मोकळा होता आणि राजा निरोगी.

आपल्या वाङ्मयात दास्यमोचनाची याहून प्राचीन आणि याहून काव्यमय कथा मला ठाऊक नाही. तीत आत्म्याचा बंध आणि अंगावरचा दोर असा भेद केलेलाच नाही. दोर खराखुरा आहे, खांब लाकडाचा आहे, आणि देवतांस जी प्रार्थना केली आहे ती पुढच्या जन्मासाठी नाही, याच क्षणी गाठ सुटावी म्हणून आहे. जे लोक बाहेरचे बंधन ईश्वरेच्छा म्हणून सोसावयास सांगतात, त्यांना श्रुतीच उत्तर देते की, बांधलेल्या मुलाची हाक ऐकून देवतांनी पाश सोडविले, बांधणाऱ्याची समजूत घातली नाही. अभिषिक्त राजाला राजसूयात ही कथा ऐकवावी असे विधान आहे. म्हणजे सिंहासनावर बसणाऱ्याला पहिला उपदेश करावयाचा तो विकलेल्या मुलाच्या सुटकेचा. ज्या शाहू छत्रपतींचा वेदोक्त विधींचा अधिकार त्यांच्याच राजधानीत नाकारला गेला, त्यांनी राज्यातील माणसांचे पाश एकामागून एक सोडवीत जावे, यात त्या जुन्या विधानाचे मर्म विधीवाचूनच पाळले गेले असे मला वाटते.

परंतु या आख्यानातील सर्वांत मोठा बोध दोन ठिकाणी दडला आहे. पहिला रोहिताच्या वागण्यात. रोहितही पळालाच होता, आणि अन्याय्य मरणापासून पळण्यात त्याचा दोष नव्हता. पण आपली सुटका पक्की करण्यासाठी त्याने दुसऱ्याचे मूल विकत घेतले. ज्याची मोकळीक दुसऱ्याच्या बंधनावर उभी आहे, तो पळाला खरा, मुक्त झाला नाही. दुसरा बोध राजाच्या उदरात आहे. बांधलेल्याचा पाश सुटतो तसतशी बांधणाऱ्याची व्याधी उतरते, ही कल्पना ज्या कोण्या ऋषीला सुचली त्याने धनी आणि दास या दोघांच्या मुलांसाठी एकच कथा रचून ठेवली आहे. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, याच आख्यानाच्या शेवटी, विश्वामित्राने शुनःशेपाला पुत्र मानल्यावर ज्या पन्नास मुलांना ते रुचले नाही, त्यांस शाप देऊन सीमेबाहेरच्या शबर, पुलिंदादी लोकांत ढकलले आहे. एकाच्या सुटकेची कथा सांगता सांगता परंपरेने नवे बहिष्कृत निर्माण केले. मुलांस ही कथा सांगताना तो शेवट गाळू नये. मोठे झाल्यावर ते तो वाचतीलच, आणि आपण तो लपविला होता हेही त्यांना कळेल.

मुलांस अशी कथा कशी सांगावी याचा सर्वांत जुना अखंड अभ्यास ज्यू लोकांचा आहे, आणि त्याची एक शाखा मराठी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हणविले गेलेले बेने इस्रायल, वल्हांडणाच्या रात्री मिसर देशातील दास्यातून आपले पूर्वज कसे निघाले ते वाचतात; त्या वाचनाच्या पुस्तकाला हग्गादा म्हणतात. मराठी भाषांतरासह असे पुस्तक मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर छापले गेले, आणि १८७४ मध्ये पुण्यात तळकर मंडळींनी हिब्रू व मराठी मजकुराची एक सचित्र आवृत्ती काढली. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यातून निघाले होते आणि अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील गुलामांना मोकळे केले त्यांना ते जोतीरावांनी अर्पण केले होते. एकाच भाषेत लागोपाठच्या दोन वर्षांत ही दोन पुस्तके निघावीत याचे मला फार कौतुक वाटते. पुण्याच्या त्या हग्गादातील चित्रे पाहावीत: लुगडी नेसलेल्या आपल्याकडच्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटीत आणि भाजीत आहेत. मिसर देशातून घाईघाईने निघालेल्यांची ती भाकरी. पण चित्रकाराने ती आपल्या माजघरात आणून ठेवली. ज्या मुलाने ते पान उघडले असेल, त्याला ती कथा तीन हजार वर्षांपूर्वीची वाटलीच नसेल. ती आपल्या आईची, आपल्या आजीची वाटली असेल.

त्या रात्रीच्या विधीत दोन गोष्टी अशा आहेत की, त्यांचा विचार बालवाङ्मय लिहिणाऱ्या प्रत्येकाने करावा. पहिली ही की, आरंभ पंक्तीतील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नाने होतो: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मूल विचारते आणि मग वडील सांगतात. जोतीरावांनीही ‘गुलामगिरी’ धोंडिबाच्या प्रश्नांवर रचले, आणि कठोपनिषदातील नचिकेता तर बापाला विचारीत सुटतो की, मला तुम्ही कोणाला दान करणार. धर्माचा उदय ज्या क्षणी होतो तो क्षण मुलाने प्रश्न विचारण्याचा आहे, हे या तिन्ही ठिकाणी सारखेच मानले आहे. दुसरी गोष्ट त्या रात्रीच्या पेल्याची. मिसर देशावर कोसळलेल्या दहा संकटांची नावे घेताना प्रत्येक नावागणिक पेल्यातला एकेक थेंब बाहेर टाकतात. बेने इस्रायलांकडे तो पेला काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबताचाही असतो. आपली सुटका झाली तरी ज्यांनी आपल्याला राबविले त्यांची मुलेही त्या संकटांत मेली, म्हणून आपला आनंद तितका उणा, असा त्याचा अर्थ जाणती माणसे सांगतात. जुन्या जखमा उकरल्याने द्वेष वाढतो असे म्हणणाऱ्यांना याहून समर्पक उत्तर कोणते द्यावे? आठवण पुरी ठेवावी आणि पेला पुरा भरू नये.

अमेरिकेत गेल्या काही दशकांत गुलामांच्या सुटकेवर मुलांसाठी जी सचित्र पद्यपुस्तके निघाली, त्यांची बैठक हीच आहे. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरिलंडमधून एकटी पळाली, पायी चालत फिलाडेल्फियाला पोचली, आणि मग सुमारे तेरा वेळा मागे फिरून तिने सत्तरएक माणसांना सोडवून आणले. मिसर देशाच्या दास्यातून आपल्या लोकांना बाहेर काढणाऱ्या मोशेचे नाव लोक तिला देऊ लागले. कॅरोल बॉस्टन वेदरफर्ड या कवयित्रीने तिच्यावर २००६ मध्ये ‘मोझेस’, म्हणजे मोशे, हे पुस्तक रचले आणि कादिर नेल्सन यांनी त्याची चित्रे काढली. त्यात हॅरिएट रानातून चालता चालता ईश्वराशी बोलते आणि ईश्वर तिच्याशी बोलतो. आरंभी मी जो प्रश्न मांडला, ईश्वर त्या रात्री कोणाच्या बाजूस असतो, त्याचे उत्तर या पुस्तकाने निबंध न लिहिता दिले आहे: तो पळणाऱ्या बाईबरोबर चालत असतो. याच कवयित्रीने २०२० मध्ये हेन्री ब्राऊनवर ‘बॉक्स’ हे पुस्तक लिहिले. बायको आणि मुले विकली गेल्यावर या मनुष्याने १८४९ मध्ये स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून घेतले आणि माल म्हणून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पाठवून घेतले. खोके जेमतेम तीन फूट लांब होते, आणि आतल्या माणसाने त्यात एका दिवसाहून अधिक काळ काढला. खोक्याला सहा बाजू, म्हणून त्या पुस्तकातील कविता सहा सहा ओळींच्या आहेत. बंदिवास मुलाला शब्दांनी समजावण्याऐवजी कवितेच्या आकारातच तो कोंडून दाखविण्याची ही युक्ती थोर आहे. मुलाला नियम मोजता येतो, आणि मोजता मोजता त्या अंधारात किती कमी जागा होती ते त्याच्या लक्षात येते.

रोहित आणि हॅरिएट यांना शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दोघेही पळाले. एकाने आपल्या जागी दुसऱ्याला उभे केले. दुसरी, ज्या जागेहून सुटली त्याच जागी इतरांसाठी परत गेली. दास्यातून पळणे हा धर्म आहे काय, या प्रश्नाचा निकाल माझ्या मते या दोघांतील फरकात लागतो. पळणे हा मनुष्याचा हक्क आहे, आणि तो त्याला कोणाकडून मागून घ्यावा लागत नाही. परत फिरणे हा धर्म आहे. मुलाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही; दोन चित्रे पुढे ठेवली की, कोण मोठे ते मूल स्वतःच सांगते.

कोवळ्या मनाला असे क्रौर्य दाखवू नये, हा तिसरा आक्षेप. त्यामागची माया मला मान्य आहे, पण मायेपोटी मुलाला खोटे सांगितले तर काय होते याचा एक दाखला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी हर्क्युलिस नावाचा गुलाम आचारी होता. मालकाच्या वाढदिवसाचा केक तो व त्याची मुलगी हसतमुखाने करीत आहेत, असे दाखविणारे मुलांचे एक चित्रपुस्तक २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेत निघाले आणि त्याच महिन्यात प्रकाशकाला ते मागे घ्यावे लागले. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये, वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच, पळून गेला होता. त्याच वर्षी तेथे आलेल्या फ्रान्सच्या लुई फिलिपने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे की, त्याच्या सेवकाने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारले, बाप पुन्हा दिसणार नाही याचे तुला वाईट वाटत असेल. तेव्हा ती म्हणाली की, मला आनंदच वाटतो, कारण तो आता मोकळा आहे. सहा वर्षांची मुलगी, स्वतः अजून बांधलेली, आणि बापाचा कायमचा वियोग सोसून त्याच्या मुक्तीत आनंद मानणारी! तिच्या वयाच्या मुलांना हा विषय झेपणार नाही असे कोणी म्हणावे? ज्यांना तो सोसावा लागला ती मुलेच होती. त्यांना जे सोसता आले, ते ऐकण्याइतके बळ आपल्या सुखरूप मुलांच्या ठायी निश्चित आहे.

आता मराठी मनुष्याने आपल्या घरचा सर्वांत अवघड प्रसंग मुलांसमोर ठेवावयाचा, तर तो चोखोबांचा होय. वारकरी परंपरा सांगते की, मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर लावलेल्या मजुरांत चोखामेळा होते, ते कूस कोसळले आणि त्याखाली ते गेले. शके १२६० ही त्यांच्या देहान्ताची तिथी मानली जाते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी दिली. ज्याने आतले सर्व बंध तोडले होते, त्याच्या अंगावर बाहेरची भिंत पडली, आणि देवळाची पायरी मरणानंतरही त्याला ओलांडता आली नाही. चोखोबा मुक्त नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील? पण त्यांची आतली मुक्ती ही आपल्या बाहेरच्या अन्यायाची फेड होऊ शकत नाही. संताने सोसले म्हणून सोसविणे धर्म्य ठरत नाही; उलट त्याच्या थोरवीने सोसविणाऱ्यांचे पाप अधिक ठळक दिसू लागते. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास प्राण पणास लावून विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्यांना उघडवली, तेव्हा राजाच्या उतरत्या व्याधीप्रमाणे आपलेही काही दुखणे उतरले. मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या लेखकानेच हे केले, हा योगायोग मी मानीत नाही.

तेव्हा कोल्हापुरात मुलांसाठी असे पुस्तक व्हावे, आणि येथील कवींनी व येथील चित्रकारांनी ते करावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. या गावाला आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची चित्रपरंपरा आहे. सत्यशोधकी जलशांनी गावोगाव ज्या लयी नेल्या त्या अजून लोकांच्या कानांत आहेत. विषयांचीही वाण नाही. गंगारामांचा हौद आणि दुकान आहे. माणगाव आहे, जेथे १९२० च्या मार्चमध्ये तरुण आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि छत्रपती स्वतः येऊन, तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला, असे लोकांना सांगून गेले. पुण्याच्या गाडीने जाताना लागणारे मसूर स्थानक आहे, जेथे १९०१ मध्ये नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर उतरले, वडिलांकडून कोणी न्यावयास आले नाही म्हणून ताटकळले, आणि जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यावयास तयार होईना. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी २०११ च्या ‘भीमायन’मध्ये गोंड चित्रशैलीत हा प्रवास चितारला आहे, तेव्हा असे काम होऊ शकते याविषयी शंका नको. प्रत्येक मुलाला त्या स्थानकावर गाडी थांबल्यावर खिडकीतून पाहता यावे की, ती मुले येथे ताटकळली होती.

असे पुस्तक आणखी एका कारणाने निकडीचे आहे. गळीत हंगाम सुरू झाला की, बीडकडच्या टोळ्या आपल्या जिल्ह्याच्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत कोपीतला मुक्काम. या माणसांची मुले उसाच्या पाचटात खेळतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात आणि शाळा अर्धी सोडून आलेली असतात. प्रत्येक उचल म्हणजे दास्य असे मी म्हणत नाही. पण संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठ निषिद्ध केल्यावर, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी व तिला जन्म देणारे कर्ज ही दोन्ही रद्द ठरविल्यावरही, जेथे उचल फिटली नाही म्हणून माणसाला जागचे हलता येत नाही, तेथे तो कायदा आणि तो अनुच्छेद दोन्ही हाका मारीत आहेत. जी मुले साखर खातात आणि जी मुले उसाच्या फडात राहतात, त्या दोघांनी एकच पुस्तक वाचावे. पहिल्यांनी आपला रोग ओळखावा म्हणून, आणि दुसऱ्यांनी आपले बळ ओळखावे म्हणून.

असे पुस्तक लिहिणाऱ्यास माझी विनंती एवढीच की, त्याने धन्याला राक्षस करू नये आणि दासाला दुबळा करू नये. राक्षसाशी कोणत्याही मुलाला आपले नाते वाटत नाही, म्हणून राक्षसाच्या कथेतून कोणाचेच मन बदलत नाही. हौदावर पहारा करणारा मनुष्य आपल्या काकांसारखा दिसला पाहिजे. आणि बांधलेल्या मनुष्याला केवळ करुणेचा विषय केले, तर मूल त्याच्यासाठी चार आसवे गाळील आणि पान उलटील. त्याच्या तोंडी ऋचा असली पाहिजे, त्याच्या पायांत परत फिरण्याचे बळ असले पाहिजे. शुनःशेपाचे पाश देवतांनी सोडविले खरे, पण हाक त्याने स्वतः मारली होती.

धर्म म्हणजे काय, हे आपण मुलांस व्रते, उत्सव आणि स्तोत्रे यांच्या द्वारे शिकवितो, आणि ते योग्यच आहे. त्या शिक्षणात ही एक कथा घातल्यावाचून मात्र ते पुरे होत नाही. कारण मनुष्य मनुष्याच्या मालकीचा असू शकत नाही, हे ज्याला लहानपणी ठसले नाही, त्याच्या पुढच्या सर्व पूजा कोणत्या ना कोणत्या रोहिताने विकत घेतलेल्या मुलाच्या जिवावर होण्याचा धोका राहतो. ही कथा ऐकून मूल विचारील की, आपल्या घराण्याने कधी कोणाला बांधले होते काय, किंवा आपल्याला कोणी बांधले होते काय. त्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याची तयारी ठेवणे, हे आईबापांचे व शिक्षकांचे आजच्या काळातील पहिले धर्मकर्तव्य आहे, आणि ते टाळण्याची मुभा कोणत्याही शास्त्राने आपणांस दिलेली नाही.